बाळसं उतरायचं वय

ओवीला उचलून घ्यायला आत्यांनी हात पुढे केले आणि अर्ध्यातूनच मागे घेतले. "आता नाही हो झेपत," म्हणून त्यांनी तिचा गालगुच्चा घेतला आणि वर म्हणाल्या, "बाळसं अजून उतरलं नाही हिचं."

ओवी साडेचार वर्षांची आहे. वजनासाठी 'बाळसं'इतका लाडका शब्द आपल्याकडे दुसरा नाही, पण या लाडाला मुदत असते. सहा महिन्यांच्या पोरानं बाळसं धरलं की दृष्ट काढतात. साडेचार वर्षांच्या मुलीचं अजून उतरलं नाही, असं कुणी म्हटलं की ते वाक्य आईकडे बघून म्हटलेलं असतं. मागच्याच महिन्यात डॉक्टरांनी वाढीच्या तक्त्यावर बोट ठेवून दाखवलं होतं की तिची रेघ एव्हाना खाली उतरत असायला हवी होती, ती वर वळली आहे. त्या संध्याकाळी घरी येऊन मी बिस्किटांचा डबा फ्रीजवर ठेवला.

आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आत्या. जुन्नर तालुक्यात अंगणवाड्यांच्या मुख्यसेविका होत्या, तीस वर्षं मुलांची वजनं घेतली. मंदार माझा धाकटा भाऊ, हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत जनुकांच्या माहितीचं विश्लेषण करतो. रविवारची जेवणं झाली होती. ओवीची थुंकी तपासून घ्यावी, लठ्ठपणाचा आनुवंशिक धोका किती आहे ते कळेल, असं मंदारनं सुचवलं आणि तिथून सुरू झालं.

"तपासून काय नवीन कळणार?" आत्या म्हणाल्या. "खाण तशी माती. हिच्या आईची आई बघ, आजोबा बघ, तू बघ."

मंदार हसला. त्याला सवय आहे.

"माती कुठं असते तेच तर बोलतोय, आत्या. लोकांना वाटतं, लठ्ठपणाची जनुकं म्हणजे ती पोटात नाहीतर कमरेत काम करत असणार. ती कवटीच्या आत काम करतात."

मग त्यानं केंब्रिजची गोष्ट सांगितली. १९९७ साली स्टीफन ओ'राहिली आणि सदफ फारूकी यांच्या गटानं दोन चुलत भावंडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्लंडमध्ये राहणारं मूळचं पाकिस्तानी कुटुंब. आठ वर्षांच्या मुलीचं वजन ८६ किलो, दोन वर्षांच्या मुलाचं २९. जन्मताना दोघंही चारचौघांसारखीच होती. अंगातल्या चरबीतून लेप्टिन नावाचं एक संप्रेरक निघतं आणि 'साठा पुरेसा आहे' हा निरोप मेंदूला देतं. जेफ्री फ्रीडमन यांनी ते १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये उंदरांवर काम करताना शोधलं होतं. या दोन मुलांच्या शरीरात ते तयारच होत नव्हतं. अंगावर एवढी चरबी, आणि मेंदूच्या हिशेबी घरात दुष्काळ. पुढं त्या मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं सुरू झाली आणि वर्षभरात तिचं १६ किलो वजन उतरलं. "पण वजनाच्या आधी काय बदललं, माहितीये? भूक. ती ताटात टाकायला लागली."

"आणि तोवर तिच्या आईनं काय काय ऐकून घेतलं असेल," मी म्हटलं. माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"अशी मुलं किती असतात?" आत्यांनी विचारलं. मुख्यसेविकेचा प्रश्न. आधी आकडा सांगा.

"फारच थोडी."

"मग ओवीला त्यांचं काय? उगाच लाखात एकाची गोष्ट सांगून बाकीच्यांना घाबरवायचं किंवा मोकळं सोडायचं."

इथं मंदारला थोडं मागं यावं लागलं. बाकीच्या माणसांत असं एकच बिघडलेलं जनुक सापडत नाही, हे त्यानं मान्य केलं. २००७ साली एफटीओ नावाचं जनुक सापडलं तेव्हा केवढा गाजावाजा झाला, पण त्याच्या दोन्ही प्रती 'तसल्या' असलेल्या माणसाचं वजन सरासरी तीनच किलोनं जास्त भरत होतं. पुढं शेकडो जागा सापडत गेल्या, प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. २०१९ मध्ये बोस्टनमधल्या अमित खेरा यांच्या गटानं एकवीस लाख जागांची बेरीज करून प्रत्येकाचा एक गुणांक काढला आणि इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या मुलांना तो लावून पाहिला. मुलं जन्मापासून नोंदीत होती. सर्वांत जास्त धोक्याची दहा टक्के आणि सर्वांत कमी धोक्याची दहा टक्के यांच्यात अठराव्या वर्षी बारा किलोंचा फरक होता.

"आणि जन्मताना?"

"साठ ग्रॅम."

आत्या खुर्चीत पुढे सरकल्या. "साठ ग्रॅम! अरे, माझा साल्टर काटा शंभर ग्रॅमच्या खालचं दाखवत नाही. म्हणजे जन्मताना तुझी ती एकवीस लाखांची बेरीज माझ्या काट्याला कळलीही नसती. मग मधल्या अठरा वर्षांत बारा किलो आले कुठून? ते काय जनुकांनी वाढलं का ताटात?"

मला वाटलं, संपलं. पण मंदारची मान हलत होती, ती पटल्यासारखी. "बरोबर आहे. ताटातूनच आले. पण ताटाकडे हात का जातो आणि कधी थांबतो, ते प्रत्येकाचं वेगळं असतं. लंडनमध्ये जेन वॉर्डल आणि क्लेअर लुएलिन यांनी २००७ साली जन्मलेल्या जुळ्यांचा अभ्यास केला. आई एक, घर एक, दूध तेच. तरी दोघांतलं एक बाळ बाटली दिसली की झेपावतं, दुसरं चार घोट घेऊन तोंड फिरवतं. नुसत्या दुधावर असतानाच हा फरक दिसतो. झेपावणारं भावंड सव्वा वर्षाचं होईपर्यंत जवळजवळ किलोभर जड झालेलं असतं."

याला आत्यांकडे उत्तर नव्हतं, कारण हे त्यांनी पाहिलेलं होतं. ओतूरच्या एका घरात दोघी बहिणी होत्या, त्या म्हणाल्या. एकीला पेज भरवायला अख्खं घर नाचायचं, दुसरी वाटी चाटून अंगणवाडीत दुसऱ्यांदा रांगेत उभी राहायची. "आम्ही म्हणायचो, एक नखरेल आणि एक अधाशी." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "अधाशी. केवढ्या सहज म्हणायचो."

हे शब्द मलाही छळतात. खादाड, अधाशी, हावरट, बकासुर. मुलाच्या भुकेला नाव द्यायची वेळ आली की भाषा लगेच त्याच्या स्वभावाचा निकाल लावून मोकळी होते. चष्मा लागलेल्या मुलाला कुणी आळशी डोळ्यांचा म्हणत नाही.

मंदारनं आता त्याच्या आवडीच्या मुद्द्याला हात घातला. भूक मोजणारी जागा म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस. तो जन्मतः पुरा तयार नसतो. सेबास्तियन बुरे आणि रिचर्ड सिमर्ली यांनी २००४ मध्ये उंदरांत दाखवलं की लेप्टिन नसलेल्या पिल्लांमध्ये या भागातून निघणारे मज्जातंतू विरळच राहतात. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत लेप्टिन दिलं तर तंतू भरून येतात, मोठेपणी दिलं तर येत नाहीत. उंदराचं पिल्लू जन्मल्यावर जे करतं, त्यातलं बरंचसं माणसाचं मूल आईच्या पोटातच उरकतं, एवढा फरक. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या रॉबर्ट वॉटरलँड यांच्या गटानं उंदरांच्या याच भागात दूध सुटण्याआधीच्या काळात जनुकांवर रासायनिक खुणा कशा उमटतात ते पाहिलं. ज्या जागी या खुणा उमटत होत्या, त्यांतल्या पुष्कळशा जागा माणसाच्या लठ्ठपणाशी जोडलेल्या जागांशी जुळत होत्या. लठ्ठपणाला मेंदूच्या वाढीचा विकार मानावं, अशी मांडणी त्यांनी केली.

"म्हणजे तू माझ्याच अंगणात आलास की," आत्या म्हणाल्या. "वेल कोवळा असतो तेव्हाच मांडवावर चढवायचा. पहिले हजार दिवस, पहिले हजार दिवस म्हणून आमच्या घशाला कोरड पडायची, ते याच्यासाठीच ना? मग बी कसलं, हे तपासत बसायचं का वेळेला काठी रोवायची?"

"काठी कुठल्या बाजूला रोवायची ते बी सांगतं, आत्या."

"भाजीवाल्याला सांग. मला बी न बघता काठी रोवता येते."

पाच वर्षांच्या वयाबद्दल तो जे बोलला ते मात्र मी नंतर दोनदा समजावून घेतलं. माणसाचं मूल वर्षाचं होईतो गुबगुबीत होतं, मग हळूहळू काटकुळं होत जातं. पाचव्या-सहाव्या वर्षी ते सर्वांत काटकुळं असतं आणि तिथून पुन्हा भरायला लागतं. बाळसं उतरतं, हा आजीबाईंचा ठोकताळा आहेच, शिवाय तक्त्यावरचं वळणही आहे. हे वळण वेळेआधी आलं तर पुढं वजन जास्त राहण्याचा संभव वाढतो, हे फ्रान्समधल्या संशोधकांनी १९८४ सालीच सांगितलं. पण मूल तेव्हाच काटकुळं का होतं? शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात क्रिस्टोफर कुझावा यांनी २०१४ मध्ये हिशेब मांडला. शरीर स्वस्थ असताना जेवढी ऊर्जा खर्च होते, तिच्यातली ६६ टक्के पाच वर्षांच्या आसपास एकटा मेंदू खातो. शरीराची वाढ तेव्हाच सर्वांत मंद असते. घरात मोठं काम निघालं की बाकीचे खर्च थांबवावेत, तसं. २०१९ मध्ये कुझावा आणि क्लॅन्सी ब्लेअर यांनी त्यावर एक तर्क मांडला: मेंदूचा हा खर्च सगळ्या मुलांत सारखा नसावा. ज्याचा मेंदू कमी खातो किंवा खर्चाचा कळस लवकर गाठतो, त्याची उरलेली ऊर्जा चरबीत जात असावी आणि धोक्याच्या जनुकांपैकी काहींचा रस्ता इथून जात असावा. तर्क आहे, सिद्ध झालेला नाही, हे मंदारनं आपणहून सांगितलं.

माझा पाच वर्षांची असतानाचा एक फोटो आहे. बरगड्या मोजाव्यात, आणि वर एवढं मोठं डोकं. आई तो पाहुण्यांना दाखवायची नाही, लोक म्हणतील खायला घालत नाहीत. तेव्हा आतून कसला प्रपंच चालला होता, हे ना तिला माहीत होतं ना मला. आता ओवीच्या रेघेकडे बघताना नको ते प्रश्न येतात. माझ्या मुलीचा मेंदू कमी खातो का?

"असं नाही म्हणता येत," मंदार घाईनं म्हणाला. "एका मुलावर ते लावता येत नाही. शेकडो मुलांच्या सरासरीची गोष्ट आहे."

"मग थुंकी एका मुलीची का मागतोस?" आत्या.

या मुद्द्यावर तो गप्प बसला, मग सूर बदलून थेट त्यांच्यावर उलटला. "तुम्ही तीस वर्षं वजनं केलीत. वजन काय सांगतं? पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. इथलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनचं साडेतीन किलोचं. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी? जवळपास गोऱ्या बाळाइतकीच. काट्यावर रोडकं, आतून चरबीचं. तुमच्या वहीत ते कुपोषित म्हणून गेलं."

२००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेली याज्ञिक आणि जॉन युडकिन या दोघा डॉक्टरांची गोष्ट माझ्या माहितीची होती. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्या मध्यमवर्गाचं इतकं खरं छायाचित्र क्वचितच निघालं असेल.

आत्या चिडतील असं वाटलं होतं. त्या चष्मा पुसत बसल्या.

"आमच्याकडे काटा होता आणि दंडघेर मोजायची पट्टी होती," त्या शेवटी म्हणाल्या. "तेवढ्यावर मूल जगतंय का, एवढंच बघायचं होतं. पंधरा ऑगस्टला आम्ही गुटगुटीत बालक स्पर्धा घ्यायचो. सगळ्यांत जड पोराला पावडरचा डबा. एका वर्षी पहिला आलेला मुलगा पुढं दहावीला असताना भेटला. धापा टाकत जिना चढत होता. मला ओळखून म्हणाला, बाई, तुम्ही मला बक्षीस दिलं होतं." चष्मा परत नाकावर गेला. "पण तू हेही लक्षात ठेव. २०१९ ते २१ च्या कुटुंब पाहणीत महाराष्ट्रात पाचच्या आतली शंभरातली पस्तीस मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली. जाड किती? चार. आधीच्या पाहणीत दोन होती. दोनाची चार झाली, हे मला कळतं. पण त्या चारांसाठी थुंकीचे डबे येतील आणि पस्तिसांना खिचडी वेळेवर पोचणार नाही."

"ती पस्तीसच उद्याची मधुमेही असतील, आत्या. दोन वेगळी दुखणी नाहीत ही."

"तेच म्हणतेय मी!"

दोघंही एकाच वाक्यावरून भांडत होती हे त्यांना बहुधा कळलं नाही. फरक होता तो कुणाला दोष लागतो याचा, आणि तिथं वादाखालचं खरं कारण वर आलं.

आमच्या आईनं फडताळाला कुलूप लावलं होतं. मंदार सात-आठ वर्षांचा असेल. लाडू, चिवडा, शंकरपाळे, सगळं आत. किल्ली आईच्या कमरेला. शेजारीण येता-जाता तिला ऐकवायची, तुम्हीच लाडावलाय. शाळेत त्याला 'पिंप' म्हणायचे. कुलूप लागल्यावर तो कमी खायला लागला नाही, चोरून खायला शिकला. गुळाच्या ढेपेला त्याच्या दातांच्या खुणा असायच्या. त्या पुसायला मी त्याला सुरी द्यायचे. आई गेली तेव्हाही तिला वाटत होतं की तिचंच काहीतरी चुकलं.

"मला ताईच्या हातात एक कागद द्यायचाय," मंदार म्हणाला. "त्याच्यावर लिहिलेलं असेल की ही तुझी चूक नाही."

"आईला निर्दोष ठरवायला मुलीची थुंकी कशाला लागते रे?" आत्यांचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला होता. "आणि समजा कागदावर धोका कमी आला? मग चूक तिची?"

त्यानं हा विचार केला नव्हता. मीही नाही.

मग त्यानं स्वतःच त्या तपासणीची लंगडी बाजू सांगून टाकली. असे गुणांक मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बांधलेले असतात, आपल्यावर ते कमी लागू पडतात. एफटीओचंच घ्या. याज्ञिक आणि हैदराबादचे गिरिराज चांडक यांच्या गटानं २००९ मध्ये पुण्यातल्या रुग्णांवर केलेल्या अभ्यासात ते मधुमेहाशी जोडलेलं निघालं, पण तो संबंध निव्वळ वजनातून आलेला नव्हता. तेच जनुक, इथं त्याची चाल निराळी. साडेचार वर्षांच्या पुणेरी मुलीला ब्रिस्टलच्या फूटपट्टीनं मोजणं कितपत धरून आहे, हे तो स्वतः कुणाला छातीठोकपणे सांगणार नाही.

"म्हणजे तीन माणसं बघून मी जे सांगितलं, त्याहून फार जास्त तो कागद सांगणार नाही," आत्या म्हणाल्या. "आणि मी फुकट सांगितलं."

"एक गोष्ट जास्त सांगेन मी. २०१७ मध्ये अमेरिकेत डार्टमथला नऊ ते बारा वर्षांच्या मुलांना एमआरआयमध्ये झोपवून टीव्हीचा कार्यक्रम दाखवला, मध्येमध्ये खाण्याच्या जाहिराती. एफटीओचा धोका असलेल्या मुलांच्या मेंदूतला हव्यासाचा भाग आकारानंही मोठा होता आणि त्या जाहिरातींना जास्त उसळत होता. जाहिरात सगळ्यांना तीच होती."

आत्या उठून खिडकीशी गेल्या. खाली कोपऱ्यावरच्या टपरीत पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा लोंबत होत्या, लाल, निळ्या, चकचकीत. "हे असंच अंगणवाडीच्या दारातही लागलं एक दिवस. आधी एक माळ होती, मग दहा. जनुकं आजोबांची हीच होती ना? पुडी नव्हती त्यांच्या वेळी. तू मेंदू बदलू शकत नाहीस, जनुक बदलू शकत नाहीस, तर टपरीवाल्याकडे जाऊन बोल."

"टपरीवाल्यानं काय करायचं? पुडी बनवणाऱ्यानं अभ्यास करूनच बनवलीये ती. त्याला माझ्या मेंदूची माहिती माझ्याहून जास्त आहे."

यावर दोघांचं एकमत झालं आणि वाद थोडा कंटाळवाणा झाला. एकमत झालं की होतोच. मी चहा टाकला.

चहा घेताना आत्यांनी एकदम विचारलं, "मंदार, तुला अजून लागते का रे तशी भूक?"

"रोज. रात्री साडेअकराला. जेवून दोन तास झालेले असतात, पोट भरलेलं असतं, तरी."

"मग काय करतोस?"

"घरात काही ठेवतच नाही. फळं आणि दूध, बस."

"म्हणजे आईनं फडताळाला कुलूप लावलं होतं, तू अख्ख्या घराला लावलंस."

"किल्ली माझ्याकडे असते पण," मंदार म्हणाला.

तेवढ्यात ओवी आतून आली. खेळून घामाघूम झाली होती. तिनं एकदा फ्रीजवरच्या डब्याकडे पाहिलं, मग काकडी उरली आहे का म्हणून विचारलं. आत्यांना, मला नाही.